पेठेतलं घर पाडणारेत, त्याआधी फोटो काढायचेत पण अल्बमसारखे नकोत

सोप्यातला
नमस्कार मंडळी. मी शिवाजी पेठेतला, धंदा फोटोग्राफीचा. म्हणजे तुळशीचं लग्न झालं की मे संपेस्तोवर लग्नंच लग्नं, पहाटे हळद, दुपारी अक्षता, रात्री रिसेप्शन, मधे मोकळा दिवस घावला तर रंकाळ्यावर नाहीतर पन्हाळ्यावर प्री-वेडिंग. पावसाळ्यात चपलांचे आणि हुपरीच्या पैंजणांचे कॅटलॉग. चांदी ज्यांनी शूट केलीय त्यांना माहितीय, पैंजण कमी आणि त्यात फोटोग्राफरच जास्त दिसतो, चारी बाजूनं बटर पेपर लावायचा आणि भोकातनं लेन्स आत घालायची. असो.

मुद्दा असा की आमचं घर शिमग्यानंतर बिल्डरकडं जाणार. आजोबांनी बांधलेलं, कौलारू, पुढं सोपा, मधे माजघर, वर माडी, मागं परडं. चुलत्यांच्या सह्या झाल्यात, त्यावर चर्चा नको, आई तर खूश आहे कारण लिफ्ट मिळणार. मी सुट्टी मिळंल तसं घराचे फोटो काढायलोय. सोळा एमएमची वाईड लेन्स, एचडीआर (कमीजास्त एक्सपोजरचे फोटो एकत्र जोडून), संध्याकाळचा मऊ उजेड सगळं करून झालं. शार्प आहेत, एक्सपोजर बरोबर, आणि लॅपटॉपवर बघितलं की कुठल्यातरी हेरिटेज हॉटेलची जाहिरात वाटते. आमचं घर त्यात कुठं दिसतच नाही. प्रयोग चालेल, वेळखाऊ चालेल, खर्च जरा बेतानं. काय करू?

तालीमचौक
ड्रोन उडव भावा. वरनं सगळी पेठ, जाळ अन् धूर संगटच!

अंधारखोली
ड्रोनमधनं फक्त कौलं दिसणार आणि शेजाऱ्यांच्या सोलरच्या टाक्या.

प्रयोगच करायचा तर घराचाच कॅमेरा कर की. माडीला गल्लीकडची खिडकी असेल ना? तेवढी सोडून बाकी सगळ्या फटी बुजव, दाराखालची, कौलांखालची, झरोके, सगळ्या. खिडकीला जाड काळं प्लास्टिक डबल लाव, मधोमध पुठ्ठा, पुठ्ठ्याला साधारण एक सेंटीमीटरचं भोक. मग दहा मिनिटं अंधारात गप बसायचं. डोळे सरावले की समोरच्या पांढऱ्या भिंतीवर गल्ली दिसायला लागते, उलटी, रंगासकट. आभाळ खाली जमिनीजवळ आणि वर छताला लटकून मोटरसायकली चालल्यात. भिंत तीन मीटरवर असेल तर हे भोक म्हणजे एफ ३०० झालं (अंतर भागिले भोक), त्यामुळं उजेड लईच कमी. ट्रायपॉड लाव, आयएसओ ८००, एफ ४, तीस सेकंदांपासून सुरू कर आणि पुढं वाढवत जा.

वेळ बघून कर. खिडकी पूर्वेला असेल तर सकाळी काय हाताला लागणार नाही, कारण समोरच्या घराचं तोंड पश्चिमेला, त्याच्यावर ऊन दुपारनंतर येणार. आणि समोर ऊन नसेल तर आत चित्र नाही.

अजून एक. कौलाच्या फटीतनं सोप्यात गोल कवडसे पडतात ते फट गोल असते म्हणून न्हवे, प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्रच असतंय. २६ डिसेंबर २०१९ ला ग्रहण होतं तेव्हा आमच्या सोप्यातले सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झालेले. म्हणजे तुझं घर आधीपासनंच फोटो काढतंय, तू फक्त भोक जरा मोठं करायचंस. आणि ज्या गावात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ ला सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी तयार केला, खरी कॉर्नरला ज्याचा स्तंभ उभाय, तिथं हे शोभून दिसंल :)

फक्त_पन्नास
प्रयोग करा, पण ब्रोशर का वाटतंय ते आधी बघा. सोळानं दहा बाय बाराची खोली कार्यालयाच्या हॉलएवढी दिसते. आणि एचडीआर म्हणजे सावल्या मारून टाकणं. माजघर अंधारंच असतंय की राव! दिवसाढवळ्या लाईट लावल्याशिवाय डबा सापडत नाही अशी ती खोली, आणि तुम्ही तिथला कोपरा न् कोपरा उजळून ठेवला तर ती ओळखू कशी येणार? पन्नास एमएमची एकच लेन्स लावा, माजघर काळं पडू दे, दारातनं येतो तेवढाच उजेड. आणि उंची बदला. लहानपणी जिथं अंथरूण असायचं तिथं आडवं पडून काढा, उंबऱ्यावर बसून काढा. घर काय आपण पाच फुटांवरनं ट्रायपॉड लावून बघितलेलं नसतं.

मंगळवारपेठ_माहेर
दादा मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही पण राहवत नाही म्हणून लिहिते. आमचं माहेर असंच पाडलं, आता तिथं खाली गाळे आणि वर फ्लॅट. फोटो ढीगभर आहेत, लग्नातले, बारशातले, सगळे दारात ओळीनं उभे राहून हसतायत. पण न्हाणीतला तांब्याचा बंब एकाही फोटोत नाही, जमिनीत पुरलेलं उखळ नाही, दाराआड आजीनं दुधाच्या हिशोबाच्या कोळशानं मारलेल्या रेघा नाहीत, ती काळी गोल बटणांची लाईटची पाटी नाही. लेकीला सांगायचं तर मी हातानं दाखवते एवढा उंच बंब, एवढी राख, आणि ती म्हणते मम्मी म्हणजे गीझर ना.

तेव्हा जे फोटो काढायच्या लायकीचं वाटत नाही ते आधी काढा. आणि आईंना खुर्चीवर बसवून पोज घ्यायला लावू नका, त्यांची कामं चालू असताना काढा. ते उलटं चित्र वगैरे हौस म्हणून ठीक आहे, पण न्हाणी विसरू नका.

टिनपाट_कॅमेरा
काकूंनी बरोबर सांगितलं, पण हौस पण पाहिजेच की.

शिमग्यापर्यंत वेळ आहे म्हणताय तर डबा लावा. कोल्ड्रिंकचा रिकामा डबा, वरचं तोंड कापायचं, बाजूला सुईनं बारीक भोक पाडायचं, आत ब्लॅक अँड व्हाईटचा फोटोपेपर गोल वळवून बसवायचा (भोकावर पेपर येऊ द्यायचा नाही), वर टोपण आणि काळी टेप. पेपर भरायचं काम अंधारात. मग परड्यातल्या खांबाला दक्षिणेकडं तोंड करून घट्ट बांधायचा आणि विसरून जायचं. सूर्य रोज एक रेघ ओढतो. आता डिसेंबर अखेरीला कोल्हापुरात सूर्य भर दुपारी पण पन्नास अंशांच्या आसपासच चढतो, मार्चमधे सत्तरच्या वर, त्यामुळं रेघांवर रेघा चढत जाणार आणि ढगाळ दिवस असेल तिथं खाडा. खाली परड्याची भिंत, झाड, जे हलत नाही ते सगळं येतं. डेव्हलप करायचं नाही.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचं, म्हणजे मावळतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात त्याचं, गणित हेच आहे बघा. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि परत ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी, दोन्ही वेळी सूर्य आभाळात जवळपास त्याच वाटेवर असतो. तुमच्या डब्यात ती फेब्रुवारीची रेघ पण सापडणार. मेमधे लावायचा झाला तर मात्र दक्षिणेला लावून उपयोग नाही, मेच्या पहिल्या आठवड्यानंतर ऑगस्ट उजाडेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो.

सोप्यातला
मंडळी लई उपकार. बरंच करून झालं म्हणून सांगायला आलोय.

पहिल्यांदा काकूंचं ऐकलं. न्हाणी, बंब (आमचा अजून आहे, वापरात नाही), स्विचबोर्ड, माळ्यावरची बरणी, परड्यातला धुण्याचा दगड. पन्नासनं, लाईट न लावता. माजघराच्या फोटोत तीन भाग काळाच आहे, फक्त दारातनं आलेली पट्टी आणि तिच्यात आईचे हात, तांदूळ निवडताना. एखाद्या पार्टीला असा फोटो दिला असता तर पैसे कापले असते. मला आवडला.

मग माडी. प्लास्टिक लावायला अख्खी सकाळ गेली, आमच्या माडीला एवढ्या फटी असतील वाटलं नव्हतं. दुपारी गल्ली आली भिंतीवर! तीस सेकंदात माणसं सगळी गायब होतात, उरतात फक्त पार्क केलेल्या गाड्या आणि समोरच्यांचं वाळत टाकलेलं धुणं. आईला बोलावलं तर म्हणाली, रोज खिडकीतनं दिसतंय ते बघायला खिडकीच बंद केलीस व्हय रे. पण मग बसली. आणि उलट्या चालणाऱ्या माणसांना चालीवरनं ओळखायला लागली, हा दूधवाला, ही अमक्याची सून, मला एक ओळखू येईना.

आता अंधारखोली दादा, प्रश्न. मला आईच्या अंगावर ती उलटी गल्ली पाडून फोटो घ्यायचाय. तीस सेकंद ती गप बसणार नाही, आणि बसली तरी बोलायची थांबणार नाही.

अंधारखोली
जमतंय की. चष्म्याच्या दुकानातनं +०.५० ची गोल काच आण, घासायच्या आधीची. तिचा फोकस दोन मीटरला. भोक तीन सेंटीमीटरचं कर, काच त्याच्यावर चिकटव, आणि दोन मीटरवर पांढरी चादर टांगून आईंना चादरीला टेकून बसव. उजेड वीसेक पट वाढतोय, म्हणजे दीड-दोन सेकंदात काम. पांढरं किंवा फिकं लुगडं असेल तर उत्तम, गडद रंगावर काय उठत नाही.

मंगळवारपेठ_माहेर
दोन सेकंद पण बोलायच्या थांबणार नाहीत हो. हलल्या तर हलू देत, काढा तसाच.

सोप्यातला
काच सांगून ठेवलीय, रविवारी लग्न नाही तेव्हा बसवतो. डबा पण बांधलाय परड्यात, आईनं त्याच्यावर चिठ्ठी चिकटवलीय, कचऱ्यात टाकू नये म्हणून. टिनपाट भाऊ, बाहेर काढल्यावर स्कॅन करताना स्कॅनरच्याच उजेडानं पेपर खराब होणार नाही का?

टिनपाट_कॅमेरा
होणार. म्हणून प्रीव्ह्यू मारायचा नाही, हाय रिझोल्यूशन आधीच सेट करून एकदाच स्कॅन. नंतर कॉम्प्युटरवर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह. पेपर ओला निघाला तर आधी अंधारात वाळू द्या, तसाच काचेवर ठेवला तर चिकटतोय.