‘स्पर्म डीएनए इंटिग्रिटी’ : सचोटी, अखंडता की शाबूतपणा?

प्रश्न : वंध्यत्वावरील उपचारांसाठी येणाऱ्या जोडप्यांकरिता मी एका माहितीपत्रकाचे भाषांतर करीत आहे. संगणकाने ‘स्पर्म डीएनए इंटिग्रिटी’चे ‘शुक्राणू डीएनए सचोटी’ असे केले, ते अर्थातच टाकून दिले. ‘अखंडता’ आणि ‘फ्रॅगमेंटेशन’साठी ‘विखंडन’ हे शब्द चालतील का?

उत्तर १ : चालतील, पण मी ते घेणार नाही. ‘अखंडता’ म्हटले की देशाची एकता आठवते, ‘अखंड’ म्हटले की सप्ताह, आणि ‘विखंडन’ अणुभट्टीतले आहे. येथे घडते ते असे : शुक्राणूच्या डोक्यात डीएनए प्रोटामिन नावाच्या प्रथिनांच्या साहाय्याने अतिशय घट्ट बांधलेला असतो; ही बांधणी कच्ची राहिली, किंवा धूम्रपान, व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या शिरा फुगणे) अशा कारणांनी ऑक्सिडीकरणाचा ताण वाढला, की तो धागा जागोजागी तुटतो. पक्व झालेल्या शुक्राणूला तो स्वतः सांधता येत नाही. फलनानंतर स्त्रीबीज काही प्रमाणात ते काम करते. धागा तुटतो, सांधला जातो, शाबूत राहतो, ही क्रियापदे आपल्याकडे तयारच आहेत. म्हणून ‘डीएनए शाबूत असणे’ आणि ‘डीएनए तुटणे’ असेच लिहावे.

शुक्राणूंची संख्या आणि हालचाल ठीक असतानाही डीएनए तुटलेला असू शकतो. त्यामुळे ‘धातू पातळ’, ‘वीर्य कमजोर’ हे शब्द कटाक्षाने टाळावेत. त्यांतून पुरुषाला अकारण कमीपणा येतो आणि चाचणीचा अर्थही कळत नाही. ‘नपुंसकत्व’ तर सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे.

उत्तर २ : सहमत आहे. अहवालातील टक्केवारीबाबत मात्र जपून लिहावे. ‘डीएफआय’ म्हणजे ‘डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स’, डीएनए तुटण्याचा निर्देशांक. ‘डीएफआय २८ टक्के’ म्हणजे प्रत्येक शुक्राणूचा डीएनए २८ टक्के तुटला असे नव्हे. तपासलेल्या दर १०० शुक्राणूंपैकी २८ जणांचा डीएनए तुटलेला आढळला, एवढाच त्याचा अर्थ. ‘जणांचा’ हा शब्द माझ्याकडून सहज गेला. पत्रकात तो नसावा.

आणखी एक शब्द सुचवतो. एका चाचणीत काचपट्टीवरील शुक्राणूंवर आम्लाची प्रक्रिया करून त्यांतील प्रथिने काढून टाकतात. डीएनए शाबूत असेल तर त्याचे वेढे सुटून डोक्याभोवती फिकट वलय पसरते. तुटलेला असेल तर ते अगदी लहान राहते किंवा दिसतच नाही. या ‘हेलो’ला ‘प्रभामंडळ’ कशाला? चंद्राला पडते ते ‘खळे’ आपल्याकडे आहेच. फक्त येथे खळे पडणे हे चांगले लक्षण आहे, हे स्पष्ट लिहावे.

प्रश्नकर्ता : आभार. वाक्य असे केले आहे : ‘शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारे तीन महिने लागतात, म्हणून तंबाखू आज सोडली तरी डीएनए शाबूत असलेल्या शुक्राणूंचे प्रमाण वाढले का, हे पाहण्यासाठी चाचणी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करतात.’