बालेकिल्ला: पेपरवाले शब्द चुकीचा वापरतात का?

रंकाळाकाठ:
निवडणूक आली की कोल्हापूरच्या पेपरात प्रत्येक वॉर्ड कुणाचा तरी ‘बालेकिल्ला’ असतो. मला हे चूक वाटतं. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा. काबूलचा आणि गोवळकोंड्याचा बाला हिसार, म्हणजे वरचा कोट, त्यातलाच हा शब्द. गडाच्या आत, वेगळी तटबंदी असलेला गड. राजगडावर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या, म्हणजे खालच्या तटबंद सपाट्या, आणि मधोमध उंच बालेकिल्ला. माच्या पडल्या की तिथं शिरायचं. म्हणजे जोर असलेली जागा नव्हे, सगळं गेल्यावर लढायची जागा.

तांबडा_पांढरा:
राजगडाचा बालेकिल्ला चढलायस काय कधी? शेवटचा आसराच बळकट नसंल तर आसरा कसला? नेता सगळीकडं आपटला आणि एकाच वॉर्डानं तारला, तर तो वॉर्ड बालेकिल्लाच की. पेपरवाले बरोबर हायत.

शाहूपुरीकर:
आमच्या सरांनी ‘बाळ-किल्ला’ सांगितलेलं. मोठ्याच्या पोटातला लहान.

रंकाळाकाठ:
मग बालाघाट काय बाळांचा घाट?

गडवाट:
‘वरचा’ एवढ्यावरच अडू नका. पन्हाळ्यावर सुळका कुठाय? तिथला बालेकिल्ला म्हणजे अंबरखान्याचा भाग, पठारावरच, भोवती खंदक. आत गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं. उंची नसेल तिथं खंदक खणून काम भागवलं. शब्द उंचीवरून आला असेल, पण अर्थ ठरला तो आत काय राखायचं त्यावरून. आणि शेवटच्या आसऱ्याचं म्हणाल, तर १६७३ साली शिवाजी महाराजांच्या कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी एका रात्रीत पन्हाळा घेतला. आदिलशाही किल्लेदाराला बालेकिल्ल्याचा काय उपयोग झाला?

शाहूपुरीकर:
मुळात फारसी शब्द हवाच कशाला? महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच ना?

तांबडा_पांढरा:
घेतला की. तरी लोकांच्या तोंडात बालेकिल्लाच ऱ्हायला. किल्ला, बुरुज, खंदक हे तरी कुठनं आलं? सगळं काढलंस तर गडावर उरणार काय?

रंकाळाकाठ:
गडवाट, कोंडाजींनी किल्लेदाराला सावरायला वेळच दिला नाही, त्यात बालेकिल्ल्याचा काय दोष? आणि ‘बालेकिल्ल्याला खिंडार’ या मथळ्याला माझी हरकत नाही, खिंडार तटालाच पडतं. पण दोनदा हरलेल्या वॉर्डालाही बालेकिल्ला?

तांबडा_पांढरा:
तिथं ‘माजी’ लावायचं. बाकी तुझं काय पटलं न्हाई.