हाऊसफुल्लचा बोर्ड लागतो म्हणून अकादमी पुरस्कार नको?

विंगेतला
कालपासून एक पोस्ट फिरतेय. "संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार प्रायोगिकवाल्यांना आणि लोककलावंतांनाच द्यावा. ज्यांच्या नाटकाला हाऊसफुल्लचा बोर्ड लागतो त्यांना प्रेक्षकांनी भरभरून दिलंय, त्यांना ताम्रपत्र कशाला?" आणि खाली नावं कुणाची, तर हा पुरस्कार मिळालेल्या प्रशांत दामले आणि अशोक सराफ यांची. दोनदा वाचली. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

बावीस वर्षं बॅकस्टेजला काढलीत मी. दामल्यांनी ६ नोव्हेंबर २०२२ला १२,५००वा प्रयोग केला. त्याआधी कधीतरी एका दिवसात ५ प्रयोगही करून झालेत. आकडा वाचायला एक सेकंद लागतो. पण त्यातल्या प्रत्येक प्रयोगाला तोच हशा त्याच जागी नव्याने काढावा लागतो, आणि काल हसलेली जागा आज पडली तर तिथल्या तिथे सावरावं लागतं.

आमच्या एका दौऱ्यात मुख्य नटाला ताप होता. दुपारी सलाईन लावलं, रात्री प्रयोग. सुई काढली नव्हती, वरून पट्टी आणि पूर्ण बाहीचा शर्ट. विंगेत तो खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून उभा होता. क्यू आला, हात सुटले, एंट्रीला टाळी पडली. बाहीवर रक्ताचा ठिपका आला तो पहिल्या अंकाच्या शेवटी. प्रेक्षकांत कुणालाही कळलं नाही. हे काम सोपं म्हणून पुरस्काराला नालायक?

आणि १९५५ साली याच अकादमीने बालगंधर्वांना पुरस्कार दिला. त्यांच्याइतकी गर्दी खेचणारा नट मराठीत दुसरा कोण?

रांग_क_सात
ती पोस्ट माझी. दामले-सराफ वाईट नट आहेत असं मी एका ओळीतही म्हटलेलं नाही. मुद्दा जागांचा आहे. अख्ख्या देशातून अभिनयासाठी मोजकी नावं निवडतात. त्यातली एक जागा लोकप्रिय नटाला गेली की आयुष्यभर पदरमोड करून नाटक करणारा कुणीतरी राहतो. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये जे प्रायोगिक नाटक उभं राहिलं ते गल्ल्यावर उभं राहिलं नव्हतं.

बालगंधर्वांचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. १९५५पर्यंत ते वैभव कधीच ओसरलं होतं, कर्जात आयुष्य गेलं होतं त्यांचं. ज्याला गरज होती त्याला मिळाला.

विंगेतला
म्हणजे पुरस्कार कलेचा की गरिबीचा, ते आधी ठरवा. श्रीराम लागूंना १९७४ला मिळाला, विजयाबाई मेहतांना १९७५ला. दोघांनी व्यावसायिक केलं, प्रायोगिकही केलं. ही भिंत तेव्हा कुणी घातली नव्हती.

फडावरची
दोघांनाही हात जोडून सांगते, लोककलावंतांना ढालीसारखं पुढे करू नका. माझे आजोबा ढोलकी वाजवायचे. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचं नाव आमच्या घरात देवासारखं घेतात. १९५७ला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान, १९९०ला परत. आणि २००२ला गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागलं. दोन-दोन राष्ट्रपती पुरस्कार घरात असून!

आजोबांचं वृद्ध कलावंतांचं मानधन मिळावं म्हणून मी एका कार्यालयात चार खेपा घातल्या. तिथे विचारलं, कलावंत असल्याचा पुरावा काय? मी त्यांचा उजवा तळहात दाखवला. बोटांच्या मुळाशी चामडं झालं होतं. साहेब म्हणाले, कात्रण आणा पेपरचं. कनातीत झालेल्या वगाची कात्रणं कोण छापतं हो? जत्रेत सुपारी घ्यायची, पहाटेपर्यंत वाजवायचं, राहुट्या गुंडाळून पुढचं गाव गाठायचं, एवढंच माहीत त्यांना.

तेव्हा पुरस्कार कुणाला यावर भांडण्याआधी, यादीपर्यंत नाव पोचतंच कसं यावर बोला.

तिसरी_घंटा
ताईंशी सहमत, आणि उशिराचंही बोला. २०१९, २०२० आणि २०२१ असे तीन वर्षांचे पुरस्कार २०२२च्या नोव्हेंबरात एकदम जाहीर केले. मग २०२२ आणि २०२३चे २०२४च्या फेब्रुवारीत. रक्कम १ लाख. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, कधीच राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या कलावंतांसाठी वेगळा अमृत पुरस्कार काढावा लागला, म्हणजे किती जण राहून गेले होते बघा.

पण मला वेगळंच सांगायचंय. "प्रेक्षकांनी भरभरून दिलंय" म्हणता, तर नाट्यगृहं बघितलीत का? माझी बहीण नाटकात काम करते. तालुक्याच्या एका नाट्यगृहात बायकांच्या ग्रीनरूममधल्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. एकजण आत, दुसरी बाहेर दार धरून उभी. प्रयोगाच्या दिवशी ती सकाळपासून पाणी पीत नाही. तीस वर्षांच्या मुलीला त्यापायी मूत्रमार्गाचा संसर्ग झाला.

नेपथ्यवाला_दादा
कडी नसलेलं नाट्यगृह कुठलं ते न सांगताही ओळखलं. त्याच्याच शेजारी आणखी एक आहे, तिथे नळ आहे, पाणी नाही. आमची मुलं पहाटे टेम्पोतून सेट उतरवतात, अंघोळ पेट्रोल पंपावर.

अत्तराची_कुपी
आणि रंगमंचावरचे खिळे? गेल्या वर्षी अनवाणी नाचताना पायात घुसला. व्यवस्थापनाला सांगितलं तर म्हणे, चप्पल घालून नाचा.

नेपथ्यवाला_दादा
आमच्याकडे भाडं वाढलं, झाडू तोच. मी तर म्हणतो पुरस्काराचे लाख रुपये फिनेलला द्या.

रांग_क_सात
धागा कशावर आहे? संडासावर वेगळा काढा की! इतके प्रतिसाद झाले, एकानेही माझ्या मुद्द्याला उत्तर दिलेलं नाही.

तिसरी_घंटा
तुम्ही क रांगेतल्या सातव्या खुर्चीवर बसून कला मोजता. माझी बहीण तहान मारून तुमच्यासमोर उभी राहते. तुम्हाला हा वेगळा विषय वाटतो, तिथेच तुमचं चुकतं.

रांग_क_सात
वैयक्तिक होऊ नका. तिकीट काढून, पहिल्या घंटेला जागेवर बसणारा माणूस आहे मी. बारा माणसांसमोर झालेले प्रयोग पाहिलेत. त्या बारांतला एक मी होतो, आणि समोरच्या मुलाने जे काम केलं ते आजवर विसरलो नाही. पुढे तो बँकेत लागला, नाटक सुटलं. त्याच्यासाठी बोलतोय मी.

विंगेतला
हे पोस्टमध्ये लिहायला हवं होतंत. त्या मुलाबद्दल वाचून मी भांडलोच नसतो. पण त्याची जागा दामल्यांनी घेतली नाही. तरुणांसाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार आहे, चाळिशीपर्यंतच्यांना. तो २००६पासून आहे. रक्कम २५ हजार. वाढवा म्हणून भांडा, मी सही करतो.

आणि एक सगळेच विसरताहेत. प्रकाशयोजनेसाठी तापस सेनांना १९७४ला अकादमीने गौरवलं. म्हणजे पडद्यामागच्या माणसासाठी दार तेव्हापासून उघडं आहे. आमच्यातल्या किती जणांची नावं आपण सुचवली?

फडावरची
एकाचंही नाही. मीही आजोबांचं सुचवलं नाही. कसं सुचवायचं ते कळलं तेव्हा ते गेले होते.

रांग_क_सात
ताई, माफ करा. पोस्टमधली दोन नावं काढतो. लोककलावंतांबद्दलचं वाक्यही बदलतो, कारण मला त्यातलं फारसं माहीत नव्हतं हे खरं. जागा कमी आहेत हे मात्र तसंच ठेवणार, ते चूक आहे असं अजून कुणी पटवलेलं नाही.

विंगेतला
ठेवा. जागा कमी आहेत हे मलाही मान्य आहे.

तिसरी घंटा, ते कडी नसलेलं नाट्यगृह कुठलं ते मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. बहुतेक शनिवारी आमचा प्रयोग तिथेच आहे. कडी आणि चार स्क्रू घेऊन जातो, सेट लावायच्या आधी बसवून टाकतो.