मदत हवी आहे: आंवलीघाट ते हंडिया पायी, सोबत ७१ वर्षांचे मधुमेही सासरे

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरचे, मानेवाड्यात राहतो. गेल्या वर्षी माघात मी आणि नवरा नर्मदापुरमच्या (आपलं जुनं होशंगाबाद) सेठानी घाटावरून दक्षिण तटाने आंवलीघाटापर्यंत तीन दिवस चाललो. नोकऱ्या सांभाळून पूर्ण नर्मदा परिक्रमा होत नाही, म्हणून खंड परिक्रमा. जिथे थांबलो तिथून पुढच्या वर्षी सुरुवात. यंदा माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती झाली की आंवलीघाट ते हंडिया करायचं आहे. मैया (नर्मदा) उजव्या हाताला ठेवून रोज दहा-बारा किलोमीटर. परत येताना हरद्याहून गाडीने इटारसी आणि तिथून नागपूर. इथपर्यंत सगळं ठरलं आहे.

यंदा बाबा, म्हणजे माझे सासरे, सोबत यायचं म्हणताहेत. चालण्याची मला चिंता नाही, रोज पहाटे पाच-सहा किलोमीटर चालतात. काळजी आहे ती जेवणाची, आणि त्यातही दोन वेगळ्या गोष्टींची.

पहिली गोष्ट चहाची. तिकडे दर दुसऱ्या दारातून 'नर्मदे हर' म्हणून हाक येते आणि बसायच्या आत आधण ठेवलेलं असतं. साखर अशी की चमचा उभा राहावा. बाबांना सकाळ-संध्याकाळ गोळी आहे. नको म्हटलं की समोरचा माणूस हिरमुसतो, हे आम्ही पाहिलंय. तुम्ही काय करता?

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. बाबांनी वीसेक वर्षं पचमढीच्या नागद्वार यात्रेत एका मंडळाच्या भंडाऱ्यात सेवा केली. नागपंचमीच्या आधी आठ-दहा दिवस पावसात, ताडपत्रीखाली बसून कणीक भिजवायची. हजारो लोकांना वाढलं, पण स्वतः कोणाच्या दारी हात पसरला नाही. आता म्हणतात, "मी माझा शिधा पाठीवर घेऊन चालीन. गरिबाच्या घरचं खाणार नाही."

त्यांचं मला पटतं, कारण मागच्या वर्षीचं एक घर डोळ्यांपुढून जात नाही. दुपारी एका बाईने ओसरीवरून विचारलं, "कितनी मूर्ति हैं?" (तिकडे परिक्रमावासींना असंच मोजतात.) आम्ही दोघं. तिने पिठाचा डबा आडवा करून तळ हाताने पुसून घेतला, हे मला दारातून दिसलं. चुलीत तुराट्या सारून चार टिक्कड भाजले, सोबत वांग्याचं भरीत. निघताना मी तिच्या लेकाच्या हातात पन्नासाची नोट ठेवली. तिने ती घेतली, मैयाच्या फोटोपुढे ठेवली, वर अकरा रुपये ठेवले आणि एकसष्ट रुपये दक्षिणा म्हणून माझ्याच ओंजळीत घातले. मग माझ्या आईच्या वयाची ती बाई आमच्या पाया पडली. मला तिथे उभं राहवेना.

अशा घरी काय करायचं? शिधा सोबत नेला तर लोकांना वाईट वाटेल का? आणि आम्ही पगारदार माणसं, साधूंसाठी असलेलं सदाव्रत घ्यावं का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १ (यवतमाळहून)

ताई, चहाचं आधी सांगते. चूल पेटायच्या आत "मैयाजी, इनकी फीकी, शुगर है" एवढं म्हणायचं. हा आजार आता गावोगाव माहीत आहे, कोणी रागावत नाही. कपात ओतल्यावर नको म्हटलं तर मात्र लागतं त्यांना. उलट काळजी साखर उतरण्याची घ्या. बालभोग (सकाळचा नाश्ता) उशिरा मिळाला आणि पाय चालत राहिले तर गरगरतं. बाबांच्या खिशात गूळ-फुटाणे आणि ग्लुकोजची पुडी हवीच. गोळ्यांच्या वेळा निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठरवून घ्या.

आणि पाय! रोज रात्री आसन लावलं की टॉर्चने दोन्ही तळवे तुम्ही बघा. मधुमेहात फोड आलेला कळत नाही. अनवाणी चालायचा हट्ट केला तर अजिबात ऐकू नका. माझ्या वडिलांची एक जखम दोन महिने भरली नव्हती.

प्रतिसाद २ (जबलपूरला राहणारा वर्धेकर)

सदाव्रत बिनधास्त घ्या. ते परिक्रमावासींसाठी असतं, त्यात पगार कोणी विचारत नाही. सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा: पीठ, डाळ, मीठ. रांधायचं आपण. मला वाटतं तुमच्या बाबांना हेच जमेल. लागेल तेवढंच घ्यायचं, आणि आश्रमात गर्दी असेल तर बाबांनी सरळ परातीपाशी जाऊन बसावं. कणीक भिजवणाऱ्या माणसाला तिथे कोणी उठवत नाही.

गरिबाच्या घरी पैसे देऊ नका. दक्षिणा परत आली ती घ्या आणि पुढच्या घाटावर कन्याभोजनात घाला, रीत तशीच आहे. मुलांसाठी वह्या-पेनं न्या. शिधा थोडा जवळ असू द्या, पण घरातून हाक आली तर गाठोडं त्या घरच्या चुलीपाशी सोडा आणि सगळ्यांचं एकत्र होऊ द्या. तुमचं पीठ त्यांच्या पिठात गेलं की त्या बाईला डबा पुसावा लागणार नाही.

वाटेत गंजाल नदी लागेल. उपनदी ओलांडायला हरकत नाही, मैया तेवढी ओलांडायची नाही. नेमावर समोर दिसेल, पण ते उत्तर तटावर, हंडियालाच थांबा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आत्ता बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. परातीचं ऐकून उठून बसले. संकल्पाला मैयाला शिऱ्याची कढई करतात ना, ती किती माणसांची धरायची आणि रवा इथून न्यायचा की तिथे मिळतो, हे विचारा म्हणताहेत.