पाच वर्षांच्या मुलाला वही कशाला? (होमस्कूलिंग, चर्चा)

सांखळीकरीण

मुलगी साडेपाच वर्षांची आहे. सहा पूर्ण होईपर्यंत शाळेत घालणार नाही. तो निर्णय घरात झालाय, त्यावर इथे वाद नको. वाद दुसऱ्याच गोष्टीवर घालायचाय.

आमच्याकडच्या होमस्कूलिंगवाल्या पालकांत सध्या वह्यांची लाट आहे. गोष्ट वाचून दाखवायची, मुलाने ती परत सांगायची, त्याला नॅरेशन म्हणायचं. मग वहीत वरच्या अर्ध्या पानावर चित्र आणि खालच्या ओळींवर त्याच गोष्टीची दोन-तीन वाक्यं. हे नोटबुकिंग. रात्री त्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. हे सगळं पाच वर्षांच्या मुलांकडून, आणि रोज!

माझं मत सांगते. या वयात वहीची अपेक्षा शून्य. सांगण्याची अपेक्षा, मुलाला सांगावंसं वाटेल तेवढीच. फोटोतली ती वाक्यं आईने दुसऱ्या कागदावर लिहून दिलेली आणि मुलाने बघून उतरवलेली असतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. ती वही मुलाची नाहीच. नणंदेने "शाळेत नाही तर मग करते काय दिवसभर?" असं विचारलं की पुढे करायला ती आईला लागते.

आणि ज्यांच्या नावाने हे चाललंय त्या इंग्लंडच्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी नेमकं उलट सांगितलंय. सहा वर्षांआधी मुलाला परत सांगायला लावू नका, आपणहून बोललं तर ऐका. नियमित धडेसुद्धा त्यांनी सहानंतरच ठेवले. तोवर बाहेर, उघड्यावर, जितकं जमेल तितकं. मग पाचव्या वर्षीची ही वही आली कुठून?

फोंड्याचा बाप

मेसनबाईंचं तुम्ही बरोबर सांगितलंत. वहीबद्दलही अर्धंअधिक पटतं. पण "सांगावंसं वाटेल तेवढीच" इथे माझं अडतं.

न विचारता दिवसभर बोलणारी मुलं असतात, तुमची तशी असेल. माझा मुलगा विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. मी रोज एक छोटी गोष्ट वाचतो आणि एकच प्रश्न विचारतो, "मग काय झालं?" पाच-दहा मिनिटांचा मामला. तो चार वर्षांचा असताना या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तरच नसायचं. एखादा शब्द पकडून तोच म्हणत राहायचा. घरचे म्हणाले मुलगे उशिरा बोलतात. मी विचारत राहिलो म्हणून लक्षात आलं की प्रश्न लाजण्याचा नाही, ऐकू येण्याचाच असावा. कान तपासले तर पडद्यामागे द्रव साचलेला. मधल्या कानाचा हा त्रास लहान मुलांत नेहमीचा, दुखत नाही म्हणून कळतही नाही आणि बोलणं मागे पडतं. उपचार झाले, आता ठीक आहे.

अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने, मुलांच्या वाढीचे टप्पे दिलेत. त्यात पाच वर्षांच्या मुलाकडून अपेक्षा आहे ती अशी: ऐकलेली किंवा रचलेली गोष्ट निदान दोन घटनांसह सांगता यावी. मांजर झाडावर अडकलं, कोणीतरी उतरवलं. बस, एवढंच. पण एवढं तरी हवं, आणि ते बघायचं तर विचारायला हवं. शून्य अपेक्षा ठेवणाऱ्या घरात हे कोण बघणार?

सांखळीकरीण

@फोंड्याचा बाप, मुलाचं ऐकून बरं वाटलं. पण तुम्ही सांगितलंत त्यात वही कुठे आहे? तुम्ही गप्पा मारल्यात आणि कान उघडे ठेवलेत. त्याच यादीत लिहिण्याबद्दल काय आहे तेही सांगा की. स्वतःच्या नावातली *काही* अक्षरं. वाक्यं नाहीत, अख्खं नावसुद्धा नाही. आणि एका गोष्टीत मन रमण्याचा काळ दिलाय पाच ते दहा मिनिटं. आमच्या त्या फोटोंतलं एक पान भरायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

बालवाडीच्या बाई (निवृत्त, डिचोली)

हाताबद्दल मी बोलते, आयुष्य त्यातच गेलं.

मनगटात आठ लहान हाडं असतात. पाच वर्षांच्या मुलात ती सगळी हाडं झालेलीही नसतात, काही अजून कूर्चाच (मऊ, लवचीक) असतात. पेन्सिल तीन बोटांत नीट बसायला चार ते सहा यांतलं कोणतंही वय लागू शकतं. त्यात आपली देवनागरी. रोमन लिपीतलं एल म्हणजे दोन रेघा. आपला 'क्ष' किंवा 'ज्ञ' काढून बघा, वर शिरोरेघ, मग काना-मात्रा-वेलांटी. म्हणून तर शहाणे शिक्षक अ-आ-इ-ईपासून न शिकवता ग, म, भ, न अशा सारख्या वळणाच्या सोप्या अक्षरांपासून शिकवतात. इंग्रजी व्हिडिओंतली पानं बघून आपल्या मुलांकडून मराठी वाक्यं उतरवून घेणाऱ्या आयांना याचा पत्ता नसतो.

पूर्वी धुळाक्षरं होती. धुळीत बोटाने काढायचं, चुकलं तर पुसायचं. मिरामारच्या वाळूवर ते आजही होतं, फुकट होतं, आणि वही पावसाळ्यात दमट होऊन तिला बुरशी धरते तशी काही भानगड नाही. खांदा आणि दंड आधी तयार होतात, बोटं मागून. वाळूत हातभर मोठं अक्षर काढणाऱ्या मुलाचा पुढे पेन्सिलीशी झगडा कमी होतो.

हे सगळं सांखळीच्या ताईंच्या बाजूने झालं. आता विरुद्ध. "मुलाला वाटेल तेव्हाच" हे मी बऱ्याच घरांत ऐकलंय. त्यातल्या काही घरांत त्याचा अर्थ मोबाईल असतो. बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महाराष्ट्रात कोसबाडला वारली मुलांबरोबर काम केलं तेव्हा पानं, बिया, खडे, शंख हेच साधन होतं. मुलांना मोकळं सोडलं होतं, पण वाऱ्यावर नव्हे. काय समोर ठेवायचं, काय विचारायचं, कधी गप्प बसायचं हे बाईंच्या डोक्यात पक्कं असायचं. आपल्याकडे गोव्यात चवथीला गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधतात ना? कवंडळं, कांगलां, आंबाडे, चिबूड, सुपारीचे घोस. मुलाला उचलून घ्या, एकेकाचं नाव विचारा, हे कुठे मिळालं, कोणी आणलं, ओहोळाच्या कडेला की डोंगरावर. यापेक्षा चांगलं नॅरेशन कोणतं? पण ते विचारावं लागतं. मूल आपणहून विचारेल म्हणून थांबलात तर चवथ निघून जाते.

म्हापशेकर

सगळे तत्त्वज्ञान सांगताय, मी व्यवहार सांगतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला मनाई आहे, कलम १३. मला पाठ आहे, कारण थोरलीला पहिलीत घालताना हेच कलम डोक्यात घेऊन गेलो होतो. एका शाळेत "फक्त गप्पा मारू" म्हणून आत नेलं आणि पाटीवर आकडे काढायला लावले. तिने आकड्यांऐवजी मासा काढला. मासा चांगला होता. प्रवेश मिळाला नाही.

तेव्हा ज्यांना सहानंतर शाळेत घालायचंय त्यांनी शून्य-बिन्य बोलू नये. धाकट्याकडून मी आठवड्यातून तीनदा एक पान करून घेतो. रडत नाही. रडला तर वही मिटतो.

सांखळीकरीण

@म्हापशेकर, म्हणजे शाळेने नियम मोडला आणि शिक्षा धाकट्याला?

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा (पायाभूत स्तर, २०२२) तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच आहे. सहाच्या आतल्या मुलांना परीक्षा-चाचण्या पूर्णपणे अयोग्य, असं त्यात स्पष्ट आहे. तीन ते सहाला नेमलेलं पाठ्यपुस्तकसुद्धा नको म्हणतात. सरकारी कागद मुलांना मोकळं सोडायला तयार, आणि आपण घरी बसून शाळेपेक्षा कडक शाळा चालवतोय.

म्हापशेकर

कागद बरोबर असतो ताई. पण त्या खोलीत माझी मुलगी होती, कागद नव्हता.

चोडणची मावशी

इतका वेळ वाचतेय, एक गोष्ट कोणीच काढली नाही. मूल कोणत्या भाषेत सांगतंय?

माझ्या भाचीकडे घरात कोंकणी, गोष्टीची पुस्तकं मराठी, आणि वहीचं पान इंग्रजी. तीन खोल्यांतून फिरून मूल दमतं. परवा तिचा मुलगा खाजनाच्या (खाडीकाठच्या शेताच्या) बांधावरून आला आणि धापा टाकत म्हणाला, "कुर्ली आयली, म्हाका पळोवन बुराकांत गेली." दोन घटना झाल्या, त्या अमेरिकन यादीत पास. आई काय म्हणाली? "नीट सांग. खेकडा आला, मला पाहून बिळात गेला." पोर गप्प. मग आई मला विचारते, हा काही सांगतच नाही, काय करू?

आधी त्याला सांगू दे. भाषा मागाहून बघता येईल.

फोंड्याचा बाप

मावशी, इथे मी पुन्हा विरुद्ध. बांधावरची कुर्ली त्याने कोंकणीतच सांगावी, ते त्याचं स्वतःचं. पण पुस्तक मराठी वाचलं असेल तर परत सांगताना त्यातले शब्द तोंडात यायला हवेत. 'लबाड', 'ऐटीत', 'तुरुतुरु' हे शब्द आमच्या घरात कोणी बोलत नाही, ते गोष्टीतूनच येतात. परत सांगण्याचा निम्मा फायदा तो आहे. कोंकणीत सांगितलं तर गोष्ट कळली हे समजेल, शब्द मात्र पुस्तकातच राहतील.

टोकायचं नाही हे मान्य. मी चूक काढत नाही, फक्त माझ्या पुढच्या वाक्यात तो शब्द घालतो. "हो का, *ऐटीत* गेला?" पुढच्या वेळी तो वापरतो कधीकधी.

चोडणची मावशी

हे जमणारा बाप विरळा. बाकीचे टोकतात.

बालवाडीच्या बाई (निवृत्त, डिचोली)

आणि वही हवीच असेल तर मुलाने सांगायचं, मोठ्याने लिहायचं. मूल म्हणेल तेच शब्द, कोंकणी तर कोंकणी, न सुधारता. चित्र त्याचं, अक्षर तुमचं. नंतर त्यालाच वाचून दाखवा. आपण बोललेलं कागदावर राहतं हे मुलाला एकदा कळलं की लिहायला शिकण्याचं कारण त्याला आपोआप मिळतं. आठवड्यातून एखादं पान झालं तरी पुष्कळ. चित्र नाही काढलं, मातीचं केलं, उठून कोल्ह्यासारखं चालून दाखवलं, तेही सांगणंच.

फोंड्याचा बाप

बाई, हे मी करेन. पण सांखळीच्या ताईंनी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. सहा पूर्ण झाले की काय? आज शून्य आणि वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी एकदम गोष्ट सांग, पान भर?

सांखळीकरीण

नाही. सहानंतर एक छोटा उतारा, एकदाच वाचायचा, आणि तिने तोंडी सांगायचं. तेही रोज नाही, सुरुवातीला एका वेळी एक परिच्छेद. वाक्यं स्वतः लिहिणं त्यानंतर बरंच पुढे. मेसनबाई लेखी सांगणं दहाव्या वर्षाच्या आसपास आणतात, तेवढी मी थांबेन असं नाही, पण घाईही नाही.

बाईंचं 'तुम्ही लिहा' मात्र मी आत्ताच सुरू करतेय. त्या पानाचा फोटो ग्रुपवर जाणार नाही, एवढी माझी अट. आणि मावशी, 'बुराकांत गेली' मी तसंच लिहीन.

म्हापशेकर

फोटो नाही टाकलात तर नणंदेला काय दाखवणार?

सांखळीकरीण

मुलगीच दाखवेन. विचारा म्हणावं तिला काय विचारायचं ते. अर्धा तास सुटका नाही.