प्रतिसाद: आयसीयूचा अनुभव विमानात पुरत नाही

‘आयसीयूत वर्षं काढलेल्या सिस्टरला एअर ॲम्ब्युलन्ससाठी वेगळं ट्रेनिंग कशाला?’ असं वर विचारलंय. अहो, वॉर्डात हवेचा दाब बदलत नाही म्हणून!

उडताना केबिनमधला दाब साधारण 8000 फुटांवरच्या हवेइतका उतरू शकतो. तेवढ्यानं शरीरात कोंडलेली हवा जवळपास एक तृतीयांशाने फुगते. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या श्वासनलिकेतल्या ट्यूबचा कफ, म्हणजे ट्यूबभोवतीचा छोटा फुगा, हवेनेच भरलेला. तो फुगला की आतलं अस्तर दाबलं जातं, म्हणून मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) लावून 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका दाब पुन्हापुन्हा तपासायचा. छातीत हवा साठली असेल तर ती काढणारी नळी उड्डाणाआधीच घालायची. वर गेल्यावर ते दिव्यच.

लेहहून दिल्लीला पेशंट आणताना मात्र सगळं उलटं. लेहचा विमानतळच 10,000 फुटांच्या वर. खाली येताना कफ आकसतो, बाजूने हवा गळते, अलार्म वाजतो आणि नवखा माणूस मशीनमधला बिघाड शोधत बसतो.

हेलिकॉप्टरच्या आवाजात तर स्टेथोस्कोप गळ्यात नुसता दागिना. छातीची हालचाल आणि कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राची) रेघ, यांवरच भिस्त. हे पॅरामेडिकना वर्गात सांगून भागणार नाही. कानाला हेडसेट, अंगाला पट्टा, हातभर जागा, अशा अवस्थेत सक्शन (ट्यूबमधला स्राव ओढून काढणं) करायला लावा. ऑक्सिजनचा हिशेबसुद्धा उड्डाणाच्या वेळेवर नको. इथल्या हॉस्पिटलच्या बेडपासून तिथल्या बेडपर्यंतचा वेळ धरा, शिवाय धावपट्टीवरचा खोळंबा वेगळा.