मदत हवी आहे: सितारादेवींचे जुने पिक्चर कुठे बघायला मिळतील?

नमस्कार मंडळी, भाचीला कथकच्या क्लासमध्ये कथक नर्तिका आणि अभिनेत्री सितारादेवींवर दहा मिनिटं बोलायचंय आणि नेटवर सगळीकडे तेच तेच, १९२० चा कलकत्त्यातला जन्म, धनत्रयोदशी म्हणून धनलक्ष्मी नाव, घरात धन्नो, टागोरांनी केलेलं कौतुक, बास. मला हवंय ते बोलपटातलं काम. दिग्दर्शक मेहबूब खानचे 'वतन' (१९३८) आणि 'रोटी' (१९४२) बऱ्या प्रिंटमध्ये कुठे मिळतील? 'मदर इंडिया'तला होळीचा नाच दाखवला तिला, मुलाच्या वेषात नाचतात तो, तर पोरगी म्हणते मावशी ह्या बाई आहेत?? पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हमध्ये विद्यार्थ्यांना बघू देतात का, आधी अर्ज करावा लागतो का? कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा, रविवारपर्यंत हवंय.